पन्नास वर्षांचं पाणी

समुद्राने कोळीवाड्यातल्या घरांची एक ओळ गिळली. लोक बंधारा मागत होते, आणि मंत्रीसाहेब आले ते भरतीचा अंदाज सांगणारं नवं यंत्र घेऊन. ओहोटी बघून त्यांच्या सभेच्या मांडवाची जागा म्हाताऱ्या हिराजी तांडेलाने दाखवली.

"यंत्र सांगतं, पाणी घरांपर्यंत यायला पन्नास वर्षं आहेत. बंधाऱ्याची घाई कशाला?" साहेब गरजले. तेवढ्यात त्यांच्या बुटात पाणी शिरलं.

"कोणत्या गाढवाने समुद्रात मांडव घातला?"

"समुद्र कसला, सायेब? इथं माझी चूल होती," हिराजी म्हणाला. "बसा निवांत. पाणी यायला पन्नास वर्षं हायेत न्हवं?"

कोळीवाडा पोट धरून हसला. साहेब गेले, यंत्र गेलं. बंधारा काही आला नाही. पुढच्या उधाणात हसणाऱ्यांच्याही चुली गेल्या.