शहात्तर दिवसांची रिकामी टाकी

समुद्राकाठच्या एका गावात एक डॉक्टर होते, आणि ते फार थकले होते. जयवंत साबळे त्यांचे नाव. मूळचे घाटावरचे, पण तीस वर्षांपूर्वी या बंदरावर दवाखाना टाकला आणि इथेच राहिले. कामाने किंवा वयाने ते थकले नव्हते. एकच वाक्य बोलून बोलून थकले होते. 'बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका.' लोक ऐकायचे, मान डोलवायचे, घरी जायचे, आणि बरे वाटले की गोळ्या सोडायचे.

या सगळ्यांत भागू तारी वरचढ. बंदरावर सुकी मासळी विकणारी बाई, पन्नाशीची, तोंडाची फटकळ. तिला क्षय झाला होता. सहा महिने रोज गोळ्या घ्यायच्या होत्या. तिने दोन महिने घेतल्या. खोकला थांबला, अंगावर मांस चढले, आणि ती दवाखान्याचा रस्ताच विसरली. वर्षभराने खोकला परत आला, पहिल्याहून वाईट. डॉक्टरांनी पुन्हा गोळ्या सुरू केल्या आणि बजावले, "भागूबाई, या वेळी सोडल्यात तर पुढे औषध लागू पडेलच असे मी सांगू शकत नाही. जिवाशी गाठ आहे."

"सोडूचंय नाय," भागू म्हणाली. डॉक्टरांनी हे वाक्यही तीस वर्षे ऐकले होते.

अशा या माणसाला एकच विरंगुळा होता. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, रोगी बसतात त्या बाकासमोर, त्यांनी खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी ठेवली होती. आत प्रवाळ, लाल पट्ट्यांची एक कोळंबी आणि चार मासे. समुद्र दारात असून डॉक्टर पिशवीतले मीठ आणून पाणी खारट करतात, म्हणून गाव हसायचे. बंदरावरच्या पाण्यात बोटींचे तेल असते, हे डॉक्टर एकदा सांगत, दोनदा सांगत, मग तेही सोडून देत. त्यांचा सर्वांत लाडका मासा निळा होता. शेपटीजवळ त्याला चाकूसारखा काटा असतो, म्हणून त्याला सर्जन म्हणतात. "या दवाखान्यात शिकलेला तोच एक," असे डॉक्टर कंपाउंडरला म्हणायचे. दुपारी शेवटचा रोगी गेला की ते टाकीसमोर बसायचे. बसले की त्यांना बरे वाटायचे.

एकदा त्यांनी शहरातून एक नवा पिवळा मासा आणला. नवा मासा आधी काही आठवडे वेगळा ठेवायचा असतो. डॉक्टरांना ते ठाऊक होते, पण कंटाळा केला आणि मासा तसाच टाकीत सोडला. आठ दिवसांत सगळ्या माशांच्या अंगावर मीठ भुरभुरावे तसे पांढरे ठिपके उठले. मासे दगडांना अंग घासू लागले.

डॉक्टरांनी शहरात शोभेचे मासे विकणाऱ्या निकमांना फोन लावला. निकम म्हणाले, "परजीवी आहे, डॉक्टरसाहेब. मासे बाहेरच्या टबात काढा. तिथे तांब्याचे औषध द्या, पुरते तीस दिवस. टाकीत औषध घालू नका, प्रवाळ आणि कोळंबी मरतील. आणि टाकी शहात्तर दिवस माशांवाचून रिकामी ठेवा."

"शहात्तर?"

"ठिपके चार दिवसांत जातील. त्याला भुलू नका. तो किडा अंगावरून गळतो आणि तळाच्या वाळूत कवच करून बसतो. कवचाच्या आत कसलेच औषध पोचत नाही. पुढे एकेका कवचातून शेकडो पिल्ले निघतात आणि मासा शोधतात. मासाच मिळाला नाही, तर उपाशी मरतात. तेवढे दिवस थांबायचे, दुसरे काही करायचे नाही."

डॉक्टरांनी सगळे लिहून घेतले. मागच्या खोलीत प्लास्टिकचा मोठा टब मांडला, हवेचा पंप लावला, माशांना लपायला पाइपाचे तुकडे टाकले. रोज दोन वेळा पाणी तपासून औषध मोजून घालू लागले. चौथ्या दिवशी ठिपके खरेच गेले. सर्जन पुन्हा निळाशार दिसू लागला, हातातून दाणे खाऊ लागला. दहाव्या दिवशी डॉक्टर टाकीसमोर बसले तर समोर नुसते पाणी. त्या दिवशी तीन रोगी गोळ्या अर्धवट टाकून आले होते. डोके उठले होते. अजून सहासष्ट दिवस असेच बसायचे, या विचारानेच त्यांना शीण आला.

चौदाव्या दिवशी त्यांनी मासे उचलून टाकीत सोडले. दिसायला ते अगदी बरे होते.

पुढचे दहा दिवस डॉक्टर सुखात होते. अकराव्या दिवशी ठिपके परत आले, आणि आता ते मोजता येत नव्हते. पिवळा आधी गेला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. सर्जन दोन दिवस पाण्यावर तोंड आणून धापा टाकत राहिला आणि सकाळी रोगी येण्याआधी तळाला जाऊन पडला. डॉक्टरांनी त्याला स्वतःच्या हाताने बाहेर काढले. त्यांना वाईट तर वाटलेच, पण त्याहून जास्त लाज वाटली. उरले दोन नारिंगी पट्ट्यांचे मासे. ते त्यांनी टबात नेले, औषध पहिल्यापासून सुरू केले आणि टाकी पुन्हा रिकामी केली.

आता रोगी विचारू लागले, मासे कुठे गेले? कंपाउंडर म्हणायचा, "पाणी बदलायचंय, म्हणून काढलेत." डॉक्टर ते आतून ऐकायचे आणि पुढच्या रोग्याला हाक मारायचे. कोणी थेट त्यांनाच विचारले तर म्हणायचे, "विजेचा घोटाळा झाला." वीज बिचारी काही बोलत नव्हती.

टाकी पुन्हा रिकामी केल्याच्या पंधराव्या दिवशी भागू आली. गोळ्या न्यायला यायचा दिवस उलटून दीड महिना झाला होता. छातीत घरघर होती आणि पदराआड खोकला लपवत होती. डॉक्टर काय ते समजले.

"गोळ्या सोडल्यात?"

"माका बरा वाटला, म्हणान सोडलंय."

डॉक्टरांनी तोंड उघडले. ते वाक्य जिभेवर आले आणि तिथेच अडकले. इतक्यात भागूनेच दारातून बाहेरच्या टाकीकडे बोट केले. रागावणे टाळायचे असेल तर दुसरा विषय काढावा, एवढे तिला कळत होते.

"डाक्टरानू, दिवो चालू आसा, पाणी चालू आसा, आणि मासो एक नाय. खंय गेले मासे?"

विजेचे नाव घेणे सोपे होते. समोर बसलेली बाई पन्नास वर्षे मासळीत वावरलेली, पण या माशांच्या रोगाचे तिला काय कळणार होते? शिवाय स्वतःची चूक सांगितली, तर उद्या कोणत्या तोंडाने तिला रागवायचे? खोटे बोलायचेही त्यांच्या जिवावर आले होते.

"मेले," ते म्हणाले. "माझ्यामुळे मेले. त्यांना रोग झाला होता. तीस दिवस औषध सांगितले होते आणि शहात्तर दिवस टाकीबाहेर ठेवायला सांगितले होते. मी चौदाव्या दिवशी परत सोडले. बरे दिसत होते म्हणून."

भागू बघतच राहिली. "तुमी? तुमी सोडलात?"

"हो, मीच."

"म्हंजे तुमी पण माझ्यासारखेच."

"तुमच्यासारखाच. फक्त माझ्या चुकीने मासे मेले, आणि तुमच्या चुकीने तुम्ही मराल."

भागू हसली नाही. तिने विचारले, "कोण ऱ्हवलो काय त्येंतलो?"

"दोघे आहेत. मागच्या खोलीत, टबात."

"ते अजून किती दिस भायर रवतले?"

"एकसष्ट."

"आणि माजे किती?"

"आधी थुंकी तपासू. औषध लागू पडत असेल तर सहा महिने. पहिल्या दिवसापासून."

भागूने पदर सावरला, खुर्चीत नीट बसली. "मगे लिवा."

थुंकी तपासली. नशिबाने औषध अजून लागू पडत होते. त्या दिवसापासून मासे कुठे गेले असे कोणी विचारले, की डॉक्टर खरे काय ते सांगत. दिवसातून चार-पाच वेळा सांगावे लागे. ते काम काही सुखाचे नव्हते.

सेहेचाळिसाव्या दिवशी दुपारी दवाखाना रिकामा झाला. टबातले दोन मासे टवटवीत होते, भांडत होते, खात होते. औषधाचे तीस दिवस कधीच संपले होते. टाकीतले पाणी नितळ होते आणि डॉक्टरांचे डोके ठणकत होते. आता काय व्हायचे राहिले आहे, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी जाळी हातात घेतली आणि टबापाशी गेले.

"डाक्टरानू," दारातून भागूचा आवाज आला. "आज कितवो दिस?"

डॉक्टर थांबले. "सेहेचाळिसावा."

"माजो एक म्हयनो झालो," भागू म्हणाली. "खोकलो नाय, ताप नाय, टोपली उचलून बाजारात जातंय. तरी गोळये नेऊक इलंय."

डॉक्टरांनी जाळी खाली ठेवली आणि तिच्या गोळ्या काढायला कपाटाकडे गेले.

तात्पर्य: रोग दिसेनासा झाला म्हणजे संपला असे नव्हे, आणि दुसऱ्याला धीर धरायला सांगण्याआधी आपला धीर कुठे सुटला होता, ते कबूल करावे.