लव गळणारा शेला

एका राज्यात, जिथे विहिरींना पहाटे गाणी सुचत आणि चोरीमारीचा निवाडा पोपट करत, तिथे वज्रबाहू नावाचा राजा नांदत होता. त्याची राणी शर्मदा आणि धाकटी बहीण केतकी. नणंद-भावजयीचं सख्य असं, की आसपासच्या चार राजवाड्यांतल्या बायकांच्या पोटात दुखावं. जेवायच्या एका ताटात, रुसायच्या एका खोलीत.

केतकीचं लग्न ठरलं, दारी मांडव चढला, आणि तेवढ्यात राजा मोहिमेवरून परतला. अघोरकेश मांत्रिकाची गुहा त्यानं जिंकली होती. मांत्रिकाला बेड्या घालून आणलं होतं, आणि त्याच्या खजिन्यातला शेला आणला होता अंबारीत बसवून. शेला कसा? सायीसारखा मऊ, चांदण्यासारखा पांढरा, घडीसुद्धा इतकी नेटकी की बोट लावायला जीव धजू नये.

"राणीसाहेब, हा तुम्हांला," राजा म्हणाला.

आता त्या राज्याची रीत अशी, की नवं वस्त्र आलं तर ते आपण आधी नेसायचं-पांघरायचं नाही. आपल्या सगळ्यांत लाडक्या माणसाला द्यायचं. त्यानं घडी मोडायची, एक दिवस अंगावर मिरवायचं, मग ते आपलं. माया दाखवायची तर अशी दाखवायची.

राणीनं शेला उचलला आणि केतकीपुढे धरला. "वन्सं, घडी तुम्ही मोडा."

"अगं बाई, वहिनी! दादा माझ्यावर डोळे वटारतील."

"वटारू देत. त्यांना दुसरं येतंय काय?"

केतकीनं घडी मोडली. शेला झुळझुळला, जणू झोपेतून जागा झाला, आणि तिच्या खांद्यांवर बसला.

ती दरबारात आली आणि शेल्याची लव गळू लागली. आधी चिमूटभर, मग मूठभर. पुरोहितांच्या काळ्या घोंगडीवर पुंजके, सेनापतींच्या मखमली अंगरख्यावर पुंजके, हत्तींच्या झुलींवर पुंजके. पुरोहित झटकून झटकून दमले.

"काय हो हे? मी दरबारात बसलोय की पिंजाऱ्याच्या दुकानात?"

"तुमचं बरं आहे," सेनापती म्हणाले. "मला सैन्यापुढे उभं राहायचंय. शत्रू म्हणेल, मेंढरू आलं!"

सगळे हसले. दासींनी केरसुण्या आणल्या, लव लोटली, ढीग केला आणि नेऊन चुलीत घातला.

राणीच्या पदरालाही एक पुंजका चिकटला होता. कोरड्या हातानं तो निघेना, म्हणून तिनं तळवा ओला केला आणि पदरावरून फिरवला. पुंजका गोळा होऊन तळव्यात आला आणि बारीक आवाजात म्हणाला, "वहिनी."

राणीच्या हातातलं तांब्याचं भांडं खाली पडलं. आवाज केतकीचा होता.

तिनं वळून नणंदेकडे पाहिलं. केतकी समोर बसली होती, हसत होती, आणि तिच्या हातातून पलीकडची समई दिसत होती! वेणी पोटरीपर्यंत होती, ती मानेशी आली होती. गळत होती ती शेल्याची लव नव्हतीच. शेला होता तेवढाच होता. गळत होती केतकी.

"चुलीत!" राणी किंचाळली. "अगं, चुलीत काय घातलंत तुम्ही! विझवा, विझवा ती चूल!"

दासींची तोंडं राखेसारखी झाली. शेला ओढला तर निघेना. तो आता केतकीची कातडीच झाला होता, कसा निघणार?

खिडकीत एक सुगरण पक्षीण बसली होती. ती म्हणाली, "राणी, रडून वेळ घालवू नको. कामं तीन आहेत. सूर्य बुडायच्या आत झाली पाहिजेत. पहिलं, गळलेली लव गोळा कर; पण झटकायची नाही, फुंकायची नाही. दुसरं, तिचा दोरा वळ आणि हिच्या मनगटाला बांध. दोरा मध्ये तुटता कामा नये."

"आणि तिसरं?"

"तिसरं मला ठाऊक नाही. विणकाम मी गवताचं करते. ज्यानं शेला विणला त्याला विचार."

राणी ओला तळवा घेऊन निघाली. सेनापतींसमोर उभी राहिली. "पाठ करा."

"राणीसाहेब, आपण? माझ्या पाठीवरून हात?"

"पाठ करा म्हटलं ना!"

पुरोहित झाले, पहारेकरी झाले, माहूत झाले, झाडणारीणही झाली. राजाची राणी हत्तीच्या पोटाखाली वाकून झूल पुसत होती, आणि लोक तोंडावर हात ठेवून पाहत होते. प्रत्येक पुंजका काही ना काही पुटपुटत होता. एकात केतकीचं हसू होतं, एकात चिंचेचा हट्ट, एकात होणाऱ्या नवऱ्याचं नाव.

मग राणीनं मांडीवर दोरा वळला. श्वास घेतला तरी तुटेल असा तो दोरा. तिनं श्वासच घेतला नाही म्हणा ना. मनगटाला बांधताच केतकीचे हात भरले, वेणी लांबली. चुलीत गेलं ते मात्र गेलं. आईनं शिकवलेलं एक गाणं त्यात होतं, ते तिला पुन्हा कधी आठवलं नाही.

पण शेला अंगावर होताच, आणि लव पुन्हा गळू लागली. मांत्रिकाला कोंडलं होतं त्या तळघराकडे राणी धावली.

"अघोरकेशा, तुझा शेला कसा उतरवायचा?"

मांत्रिकानं मान वर केली. "घडी कोणी मोडली?"

"नणंदेनं. मीच मोडायला दिली."

"वैर होतं?"

"जीव होता माझा तिच्यावर."

मांत्रिक थरथरला, त्याच्या बेड्या खुळखुळल्या. "बाई, मी राक्षस पाहिले, पिशाच्चं पाळली. पण नवं वस्त्र मायेनं दुसऱ्याच्या अंगावर घालणारी माणसं नव्हती पाहिली! अगं, घडीत हा शेला निजतो. घडी मोडली की भुकेला उठतो."

"निजवायचा कसा?"

"पहिली होती तश्शी घडी घालायची. एक टोक ज्याला तो खातोय त्याच्या हाती, दुसरं टोक जो आपण होऊन त्याच्या तोंडी जाईल त्याच्या अंगावर. घडी वाकडी पडली तर दोघंही संपली. मला एकट्याला जमलं नसतं, म्हणून मी कधी मोडलीच नाही."

राणी धावत वर केतकीकडे आली तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. राणीनं शेल्याचं दुसरं टोक उचललं आणि स्वतःच्या खांद्यावर घेतलं. क्षणात तिची लव गळू लागली. बांगड्या मनगटातून निसटून खणखणल्या.

"राणीसाहेब, सोडा ते!" राजा धावला.

"महाराज, मध्ये येऊ नका. घडी वाकडी होईल."

केतकी रडत होती. "वहिनी, तुम्ही दिसेनाशा व्हायला लागलात हो."

"मी दिसत नसले तर काठ बघा. काठाला काठ लावा. ताणून धरा. हं, आता या पुढे."

दोघी एकमेकींकडे चालत आल्या. टोकाला टोक भिडलं, शेला अर्धा झाला, दोघींच्या खांद्यांवरून सुटून हातांत आला. पुन्हा मागे, पुन्हा पुढे.

"खालची बाजू सरकतेय, वन्सं."

"सरकत नाही, माझा हात कापतोय."

"मग कापू दे. सोडू मात्र नका."

शेवटच्या घडीला बोटांना बोटं लागली. शेल्यानं एक लांब सुस्कारा टाकला आणि तो निजला. जमिनीवरची दोघींची लव भुरभुर उठली आणि जिची तिच्या अंगात परत गेली. दोघी तिथेच मांडी घालून बसल्या आणि मोठ्यानं रडल्या.

राजानं मांत्रिकाच्या बेड्या काढल्या, निजलेला शेला त्याच्या हाती दिला, आणि न विचारता उचलल्याबद्दल मान खाली घातली. केतकीला हळद लागली, लग्न लागलं, वऱ्हाड जेवून तृप्त झालं.

त्या राज्यात अजूनही कोणाच्या कपड्यावर लवेचा पुंजका दिसला तर लोक झटकत नाहीत. ओल्या तळव्यानं अलगद उचलतात, आधी कानाशी धरतात, आणि तो काही बोलत नाही अशी खात्री झाली की मगच टाकतात.