गप्प झालेलं कापड

“पण सर, माझी चूक काय? वावटळच तशी आली. तिला मी काय करणार?”

दाबकेसर ओट्यावर बसून समोरच्या केळीच्या बागेकडे बघत राहिले.

शर्मिष्ठा नेहेते त्यांची जुनी विद्यार्थिनी. ताणलेल्या कापडाची छपरं कशी उभारायची, हे ती त्यांच्याकडेच शिकली आणि पुढे शहरात तिने नाव काढलं. सर निवृत्त होऊन यावलजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी येऊन राहिले होते. इतक्या वर्षांत तिला इकडे यायला सवड झाली नव्हती. आज आली, ती तोंड पाडून.

तापीकाठच्या एका गावात अंध मुलामुलींची शाळा होती. खानदेशातलं ऊन, आणि अंगणात सावलीचा पत्ता नाही. तिथलं छप्पर शर्मिष्ठाने केलं होतं. पिसारा फुलवलेल्या मोरासारखं, मधे छान फुगीर. चित्र बघूनच सगळे हरखून गेले होते.

प्रत्यक्षात तो फुगवटा ताठ राहीना. मधलं कापड सैल पडायचं आणि जरा वारा आला की फडफडायला लागायचं. मुलं आवाजाच्या अंदाजाने वावरायची. त्या फडफडीत त्यांना पावलं कळेनात, हाका कळेनात. एक मुलगी खांबावर आपटली, कपाळ फुटलं. पुढे एका सुट्टीच्या दिवशी वावटळीने छप्पर शिवणीतून टराटरा फाडून नेलं.

“शाळेचं काय म्हणणं आहे?” सरांनी विचारलं.

“मुख्याध्यापिका आहेत ना, कोल्हेबाई, त्या म्हणाल्या, पुन्हा करा. फक्त या खेपेला मुलांना ऐकू येऊ द्या.”

“मग?”

“मग काय... जाड कापड घेईन. शिवण दुहेरी घालीन. आकार मात्र तोच ठेवणार.”

सर उठले. आतून साबणाच्या पाण्याची बादली आणि तारेचं वेटोळं घेऊन आले.

“कर तुझा मोर.”

तिने तार वाकवून पिसाऱ्याची कड केली, पाण्यात बुडवून वर काढली. तारेत साबणाचा पातळ पडदा धरला होता. पण मधे फुगवटा नव्हता. पडद्याने कडेपासून कडेपर्यंत आपली जवळची वाट धरली होती.

तिने हलकेच फुंकर घातली. पडदा फुगला. फुंकर थांबताच परत होता तिथे गेला.

जोरात फुंकलं... फुटला.

तिने तार पुन्हा वाकवली. पुन्हा पुन्हा वाकवली. एका बाजूची तार काढून तिथे सैल दोरा बांधला, तर पडद्याने तो दोराच आत ओढून घेतला आणि त्याला धनुष्यासारखा बाक दिला. असा सुरेख बाक तिला कागदावर कधी जमला नव्हता. त्याचाच तिला राग आला.

“हा माझं ऐकतच नाही!”

“तू त्याचं ऐकलंस?”

तिने तार पुन्हा बादलीत बुडवली.

ऊन कलल्यावर डोंगराकडून वारा सुटला. सरांनी खांद्यावरचं उपरणं काढलं.

“धर.”

दोन टोकं तिच्या हातात, दोन सरांच्या. सपाट धरलेलं उपरणं वाऱ्याने वर-खाली फडफडायला लागलं. तिने सगळा जोर लावून आपल्याकडे ओढलं. फडफड जाईना.

सरांनी आपला एक हात वर नेला, दुसरा खाली.

तिने क्षणभर पाहिलं. मग त्यांच्या वर गेलेल्या हाताच्या थेट समोरचा नव्हे, तिरका पडणारा आपला हात वर नेला. दुसरा खाली आणला.

उपरणं घोड्याच्या खोगिरासारखं झालं. एका तिरप्या रेषेत वर ओढलेलं, दुसऱ्या तिरप्या रेषेत खाली.

वारा तसाच होता. कापड गप्प झालं.

शर्मिष्ठा बघतच राहिली. तिचे हात दुखत होते, तरी तिला ते खाली करवेनात.

“सर, याला दोन्हीकडून ओढ आहे. सुटायला कुठे जागाच नाही.”

“म्हणून तर शांत आहे.”

त्या उन्हाळ्यात ती शहरात परतलीच नाही. शाळा निवासी, सुट्टीतही काही मुलं तिथेच असायची. सकाळी ती शाळेच्या अंगणात फिरायची. मुलं कुठून कुठे जातात, कुठे घोळका करतात, वारा कुठल्या भिंतीवरून उतरतो, ते बघायची. दुपारी सरांच्या ओट्यावर तार आणि साबणाचं पाणी. मोराचं चित्र तिने पुन्हा उघडलं नाही. आता ती फक्त टोकं हलवायची, हे थोडं वर, ते थोडं बाहेर, आणि पडदा काय करतो याची वाट बघायची. कधीकधी आपल्याच नादात हसायची.

शाळा पुन्हा उघडायच्या आधी नवं छप्पर चढलं. दोन खांब उंच, दोन ठेंगणे, मुलांच्या वाटा सोडून रोवलेले. शेवटचा दोर ताणला तेव्हा सगळ्या सुरकुत्या एकदम निघाल्या. छप्पर खोगिरासारखं, कडा आत वळलेल्या. तेवढ्यात तापीकडून वाऱ्याचा झोत आला. शर्मिष्ठा ऐकत उभी राहिली.

काहीच वाजलं नाही.

कपाळावर व्रण असलेली तेजल व्हरांड्याच्या पायरीवर उभी होती. “ताई, कापड केव्हा लावणार?”

“लावलं गं.”

तेजलने मान वर केली. कान दिला. चेहऱ्यावर सावली जाणवली, तशी हात पुढे न धरता ती सरळ अंगणाच्या मधोमध चालत गेली आणि तिथून तिने मैत्रिणीला हाक मारली. पलीकडच्या टोकाकडून ओ आली.

कोल्हेबाईंनी पदराने डोळे टिपले. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे भिरूडअण्णा कौतुकाने वर बघत होते. “वा! हा आकार कुणी काढला?”

शर्मिष्ठाने सरांकडे पाहिलं, मग छपराकडे.

“मी नाही, अण्णा. तो आपला आपणच झाला.”

“खोटं बोलू नकोस,” सर म्हणाले. “खांब कुणी रोवले?”