राहीचा कोपरा

उंबरसोंडला पहिल्यांदा आलेला माणूस परसदारी गेला की नाक मुरडतोच. कुठल्याही घरामागं जा, वांग्याचे, घेवड्याचे, मेथीचे वाफे कसे आखीवरेखीव. पण मोरीचं पाणी जिथं जिरतं त्या कोपऱ्यात मात्र रान माजलेलं. घोळ जमिनीवर पसरलेली, तिच्यात तांदुळजा, कुर्डू, माका, मधूनच आपोआप रुजलेला झेंडू. पाहुणा म्हणतो, एवढं सगळं राखलंत आणि एवढ्याचाच कंटाळा कसा आला? गावातली जुनी माणसं हसतात. कंटाळा नव्हे बाबा, तो राहीचा कोपरा, त्याला खुरपं लावत नाहीत. का लावत नाहीत हे ऐकायचं असेल तर जरा टेका, आणि ठकूबाईपासून ऐका. कोपरा राहीचा असला तरी गोष्ट ठकूबाईची आहे.

ही ठकूबाई माळ्याची लेक आणि माळ्याचीच सून. नवरा लवकर गेला. हैबती नावाचा एकुलता एक मुलगा तिनं परसातल्या भाजीवर वाढवला. नावावर शेत नाही, विहिरीला मोट नाही, जे काय होतं ते घरामागचे वाफे. म्हणून ‘तण खाई धन’ ही म्हण इतर बाया नुसती म्हणत, ठकूबाई ती पाळत असे. तिच्या वाफ्यात सुई पडली तर सापडावी, इतकी जमीन स्वच्छ. गवताचं पातं वर आलं रे आलं की खुरपं चाललंच म्हणून समजा. आयाबाया आपल्या लेकीसुनांना तिचं परस दाखवायला आणत, आणि ठकूबाई तेवढ्यापुरती पदर सावरून उभी राही. तेवढाच तिचा मिरवण्याचा सण.

हैबती मोठा झाला तसा बैल घेऊन घाटाखाली मिठाला जाऊ लागला. एका खेपेला मिठाच्या गोण्यांबरोबर बायकोच घेऊन आला. डोंगरापलीकडची पोर, नाव राही. तिकडंच कुठल्याशा देवळात माळ घातली म्हणे. हळद नाही, मांडव नाही, रुखवत नाही. एकुलत्या एका लेकाच्या लग्नात आईनं मिरवायचं ते सगळं राहून गेलं. ठकूबाईला ते फार लागलं, आणि लागलं की माणूस बोलून जातं. पाणवठ्यावर बायांनी सुनेबद्दल विचारलं तर ती म्हणाली, “म्या पेरलं न्हाई, तरी उगावलंय.” बाया हसल्या. असले शब्द भरल्या घागरीच्या आधी घरी पोचतात. राहीनं ऐकलं, पण उलट बोलली नाही.

पुढच्याच वर्षी हैबती घाटात तापानं गेला. बैल परत आले, तो आला नाही. घरात दोघी उरल्या, एक चुलीपाशी रडायची, एक परसात. एकीनं दुसरीच्या पाठीवर हात ठेवला असता तर ही गोष्टच झाली नसती, पण तो हात आधी कुणी ठेवायचा? ठकूबाई तर सुनेला नावानंही हाक मारत नसे. “अगं ए” एवढंच. नाव घेतलं की सून मानल्यासारखं होतं, असं तिच्या मनानं घेतलेलं.

रोज सकाळी दोघी भांगलायला बसत. भांगलायचं म्हणजे वाफ्यातलं तण खुरप्यानं काढायचं, आणि तिथंच दोघींचं जमत नसे. राहीच्या माहेरी परसाची रीत निराळी. वांग्याच्या बुडाशी घोळ असली की ऊन मातीला भाजत नाही, वर तिची भाजी होते. झेंडूच्या शेजारी मुळांना गाठी आणणारी कीड फिरकत नाही. रानटी मोहरीचं एखादं झाड ठेवलं की मावा आधी तिच्यावर बसतो आणि घेवडा सुटतो. हे सगळं तिला आईच्या मागं फिरून कळलेलं. म्हणून हातात आलेलं प्रत्येक रोप उपटण्याआधी ती विचारायची, “आत्याबाई, ही ऱ्हाऊ दिऊ का?” आणि ठकूबाई मान वर न करता म्हणायची, “नगं. उपट.” रोजचा प्रश्न, रोजचं उत्तर. पुढं पुढं तर प्रश्न संपायच्या आत उत्तर येई.

एकदा राहीनं धीर करून सांगितलं, “आत्याबाई, किडीचं पान येगळं वाढलं की ती आपल्या ताटात हात घालत न्हाई.”

ठकूबाई म्हणाली, “माझ्या घरात आयतं जेवणारी एक हाय, तेवढी पुरं.”

त्यानंतर राहीनं समजावणं सोडलं. विचारणं मात्र सोडलं नाही. कुणी म्हणतात, तो तिचा हट्ट होता. कुणी म्हणतात, दिवसाकाठी सासूशी बोलायला तिच्याजवळ तेवढंच एक वाक्य होतं.

आणि ठकूबाईचं मन काही दगडाचं नव्हतं. तिच्या बोटाला खुरपं लागलं तेव्हा राहीनंच एकदांडीचा पाला चोळून रक्त थांबवलं होतं. ती तापानं पडली तेव्हा घोळीची आंबट भाजी आणि मऊ भाकरी हिनंच भरवली होती. अंथरुणावर पडल्या पडल्या मोरीवर भांडी वाजल्याचा आवाज ऐकून ठकूबाईला बरं वाटायचं. घरात कुणीतरी आहे, एवढंच. ही नसती तर आपण भिंतींशी बोलत बसलो असतो, हे तिला कळत होतं. पण मायेचा शब्द काढायचा म्हटलं की तिची जीभ जड व्हायची.

असं होता होता नागपंचमी आली आणि डोंगरापलीकडून राहीचा भाऊ आला. चांगला समजूतदार गडी. ओसरीवर बसून, ठकूबाईच्या कानावर जाईल अशा बेतानं तो बहिणीला म्हणाला की आई-बाप आहेत, चार बिघे रान आहे, पाटाचं लग्न लावून देऊ, उगाच परक्या दारात जन्म काढू नकोस. पण तुझं मन इथं असेल तर बळजबरी नाही, सासूला विचार आणि मला सांग, मी उद्या दुपारपर्यंत देवळात आहे.

पंचमीच्या दिवशी जमिनीला खुरपं लावत नाहीत, नागाला इजा होते म्हणून. त्यामुळं दिवसभर दोघींना काम नाही आणि कामावाचून बोलायची सवय नाही. ठकूबाई जात्याशी बसून होती. आता ही येईल आणि “जाऊ का?” म्हणून विचारील, असं तिला वाटत होतं. लोक तसंच विचारतात. मग आपण “नगं” म्हणायचं. तिनं तो शब्द मनात किती वेळा घोकला असेल, देव जाणे. फार बोलायला नको, रडायला नको, एका शब्दात काम होणार होतं, याचा तिला मोठा आधार वाटत होता. पण त्या दिवशी राहीनं विचारलंच नाही. तीही धीर गोळा करत असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी परसात उतरल्या. वारा श्रावणातला, झाडं सळसळत होती, बारीक बुरबुर चालू होती. ठकूबाई मेथीच्या वाफ्यात ओणवी, पाठ कोपऱ्याकडं. राही मोरीच्या कोपऱ्यात. ठकूबाईचे हात कामात होते आणि कान “जाऊ का” या शब्दांवर लागलेले. तेवढ्यात मागून आवाज आला.

“आत्याबाई, ऱ्हाऊ का?”

ठकूबाईला ऐकू आलं ते रोजचंच. मधला एक शब्द वाऱ्यानं नेला असेल, असं धरून ती चालली. असेल हातात घोळ नाहीतर माका. तिनं मान वर केली नाही, वळून पाहिलं नाही. रोजच्यासारखंच म्हणाली, “नगं. उपट.”

 मग खुरपं मातीत रुतल्याचा आवाज आला. ठकूबाईनं तो वाफा संपवला, शेजारचा घेतला. कंबर मोडली तेव्हा सरळ झाली आणि मागं पाहिलं, तर कोपरा अर्धा भांगलायचा राहिलेला आणि खुरपं मातीत उभं. तिला वाटलं, पाणी प्यायला गेली असेल. घरात गेली. घागर भरलेली होती, भाकऱ्या झाकलेल्या होत्या, खुंटीवरचं लुगडं नव्हतं.

ती दारात आली तर शेजारची भागाक्का समोरून आली. तीच म्हणाली की राही भावाबरोबर खिंडीच्या वाटेनं जाताना दिसली, डोळे लाल होते. भागाक्कानं तिला अडवून म्हटलं होतं, अगं, सासूला विचारलंस का? त्यावर राही म्हणाली, “इचारलं. तोंडाकडं बघून सुदिक न्हाई सांगितलं. उपट म्हनल्या.”

ठकूबाईच्या तेव्हा लक्षात आलं. ती तशीच चिखलाच्या पायांनी निघाली. जन्मात कधी गावाची शीव न ओलांडलेली बाई, खिंडीपर्यंत धापा टाकत गेली. वर जाऊन पाहते तो खाली सगळीकडं ढग आणि खिंडीतून उतरणाऱ्या वाटा कितीतरी. यातली कुठली धरायची? राहीच्या गावाचं नाव काय, हे तिला ठाऊकच नव्हतं. सून इतके दिवस घरात होती, पण ‘डोंगरापलीकडची’ यापुढं तिनं कधी विचारलंच नव्हतं. मग तिनं तिथं उभं राहून पहिल्यांदा सुनेचं नाव घेतलं. “राही, ऱ्हा,” असं ती ढगात ओरडत राहिली. गुराख्यांनी ऐकलं म्हणे. ज्या माणसानं ऐकायला हवं होतं ते खूप खाली उतरून गेलं होतं.

त्या साली श्रावण सरता सरता पावसानं ओढ दिली. ऊन असं पडलं की ठकूबाईच्या त्या स्वच्छ वाफ्यांना भेगा गेल्या. उघडी माती तापली, मेथी बसली, घेवड्यावर मावा चढला तो कळ्यांसकट खाऊन गेला. फक्त मोरीचा कोपरा तिनं भांगलला नव्हता. हातच लागेना. राहीनं रोवलेलं खुरपंसुद्धा तिनं काढलं नव्हतं. त्या कोपऱ्यात घोळीनं जमीन झाकली होती आणि खाली बोट घातलं तर ओल लागत होती. एका रानटी मोहरीवर मावा काळा होऊन बसला होता आणि शेजारचा घेवड्याचा वेल हिरवागार. ठकूबाई त्या वेलापाशी बसून राहिली. आपलंच चुकलं होतं हे तिला दिसत होतं, पण आता ते सांगायचं कुणाला? भाजीला घेवडा मिळाला, आणि खाणारी एकटी.

पुढं तिनं सगळ्याच वाफ्यांची रीत बदलली. पीक दाबून टाकणारं, काटेरी, ते काढायचं, बाकीचं विचारून. विचारणार कोण? तीच. रोपाला हात घालायची, राहीच्या आवाजात म्हणायची “ऱ्हाऊ का?” आणि मग आपल्या आवाजात म्हणायची “ऱ्हा.” कुंपणाबाहेरून जाणारे म्हणत, म्हातारी चळली. चळली नव्हती. तिला ते दोन आवाज परसात हवे होते.

तिनं माणसंही धाडली. मिठाला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, राही नावाची कुणी भेटली तर सांगा, मी रोपाला म्हणाले होते. एवढाच निरोप. कुणाला त्याचा अर्थ लागत नसे. कुणाला राही भेटलीही नाही. निदान परत येऊन कुणी तसं सांगितलं नाही.

मग दुष्काळाचं एक साल आलं. गावात हिरवं पान दिसेना, तेव्हा ठकूबाईच्या परसात घोळ आणि तांदुळजा होता. बाया भाजीला येऊ लागल्या. ती कुणाला नाही म्हणाली नाही, मुळं ठेवून शेंडे खुडा म्हणाली. त्यातच एके दिवशी ती वांग्याच्या वाफ्यात ओणवी असताना मागून तरण्या बाईचा आवाज आला, “ऱ्हाऊ का?”

ठकूबाईच्या हातातलं खुरपं गळलं, असं सांगतात. वय झालेलं, कंबर वाकलेली. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, सरळ झाली, पूर्ण वळली. भागाक्काची नवी सून उभी होती. गावात येऊन चारच दिवस झालेले, हातात ओंजळभर पाला. सगळा खुडू, की थोडा राहू देऊ, एवढंच बिचारीला विचारायचं होतं. या परसात या शब्दांना काय अर्थ आहे ते तिला कुठं ठाऊक? घाबरून मधला शब्द गिळला गेला होता.

ठकूबाईनं तिच्या तोंडाकडं नीट बघून घेतलं. मग तिनं पोरीला नाव विचारलं. पोरीनं सांगितलं, गंगू.

“गंगू, ऱ्हा,” ठकूबाई म्हणाली, आणि मातीच्या हातांनी तिनं त्या परक्या सुनेचं तोंड कुरवाळलं.

ती पोर त्या दिवसापासून रोज तिच्याकडं बसायला येऊ लागली. शेवटच्या दिवसांत ठकूबाईचं सगळं तिनंच केलं. राही काही आली नाही. जाताना ठकूबाईनं गावच्या बायांना एवढंच सांगितलं, की मागून कुणी विचारलं तर पाठ फिरवून उत्तर देऊ नका.

आजही उंबरसोंडला पंचमीच्या दुसऱ्या दिवशी भांगलण होते, तेव्हा घरातली धाकटी बाई कोपऱ्यात उभी राहून विचारते, “ऱ्हाऊ का?” थोरलीनं खुरपं खाली ठेवायचं, कंबर कितीही धरलेली असो, उठायचं, वळायचं, तिच्या तोंडाकडं बघायचं, नाव घ्यायचं आणि मग “ऱ्हा” म्हणायचं. त्यानंतर त्या कोपऱ्याला वर्षभर खुरपं लागत नाही. आणि ज्या घरात म्हातारी एकटी असते, विचारायला सून नाही की लेक नाही, तिथं शेजारीण आपलं काम टाकून जाते, कुंपण ओलांडते आणि तिच्या पाठीमागं उभी राहून विचारते.

म्हातारी वळून बघेपर्यंत ती तिथून हलत नाही.