हॉलिस कोचचा राजीनामा

मी अमेरिकेत लेकाकडे राहते. शेजारी हॉलिस म्हणून आहेत, इथल्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचे कोच. नाव फुटबॉल, पण चेंडू हातात घेऊनच पळतात सगळे! तर त्या शनिवारी शेवटच्या चालीला हॉलिसनी चेंडू घेऊन पळायला सांगितलं, खेळाडू मधेच आपटला आणि टीम सलग तिसऱ्यांदा हरली.

सोमवारी सकाळी कॉलेजचे अध्यक्ष विन्स्लो हॉलिसच्या अंगणात हजर. मी लगेच कुंपणाशी भेंडीला पाणी घालायला गेले. इतक्या जवळ कुणी बोललं तर कानावर पडणारच की!

"शेवटी चेंडू लांब फेकायचा होता. माझ्या बायकोलासुद्धा कळलं ते!" अध्यक्ष गरजले. "करा या राजीनाम्यावर सही. वीस वर्षं पुष्कळ झाली."

"करतो की," हॉलिस शांतपणे म्हणाले आणि त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. "आधी तुम्ही यावर येत्या शनिवारची शेवटची चाल लिहून द्या. फेकायचं की पळायचं, एवढंच. खाली तुमची सही."

"आत्ता कसं सांगू? चेंडू कुठे असेल, समोर कोण उभं असेल, काय ठाऊक?"

"तेच तर, साहेब. सोमवारी मलाही सगळं दिसतं. माझी नोकरी शनिवारची आहे."

अध्यक्षांनी राजीनाम्याचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि ते गाडीत बसले.

गाडी वळल्याबरोबर मी कुंपणावरूनच विचारलं, "चहा टाकू का हो, कोच?"