कपाटातला दरारा

"आजोबांचा दरारा! गुरुवारी तो मला काचेच्या कपाटात दिसला पाहिजे!" महाराज गरजले, आणि अजबखान्याचा म्हातारा पहारेकरी धोंडजीनं घाईघाईनं मुजरा केला.

झालं होतं असं, की महाराजांचे आतेभाऊ सर्जेराव अजबखाना बघायला आले होते. थोरल्या महाराजांची, म्हणजे दोघांच्या आजोबांची, पगडी, जोडे, अडकित्ता, एक दात (तो नक्की कोणाचा, देव जाणे!) असं सगळं बघून त्यांनी नाक मुरडलं. "हे तर भंगार! आजोबांचा तो दरारा कुठे ठेवलाय?" झालं, महाराज इरेला पेटले. दरारा मिळाला नाही, तर अजबखान्याला कुलूप आणि मागच्या खोलीतला धोंडजी रस्त्यावर!

धोंडजी त्या खोलीत येऊन डोकं धरून बसला. लेक तांदूळ निवडत होती.

"ठके, दरारा काय बाजारात मिळतो व्हय गं?"

"आबा, थोरले महाराज नातवंडांना कसं दरडावायचे?"

"जेवणाआधी काठी आपटायचे नि नखं बघायचे. मळ दिसला की ताट उचललंच!"

"ती काठी अजबखान्यातच आहे की!" ठकी खुदकन हसली.

गुरुवारी दोघे भाऊ मिशांना पीळ देत आले. ठकीनं कपाटावरचा पडदा ओढला. आत काहीच नव्हतं! सर्जेराव खदखदून हसले. महाराज लालबुंद झाले. "पोरी, दरारा कुठाय?"

"दाखवते, महाराज!" ठकी कपाटामागे गेली.

ठक्! ठक्! "नखं दाखवा रे!"

पन्नाशीच्या त्या दोन्ही मिशाळांचे हात झटकन पुढे आले. सर्जेरावांनी तर आधी बोटं धोतराला पुसली!

ठकीनं मागून डोकावून पाहिलं. "थोरले महाराज जाऊन वीस वर्षं झाली. मग हे हात कोणी पुढे करायला लावले?"

महाराजांनी घाईघाईनं हात मागे घेतले. "पण... पण दरारा कपाटात ठेवायचा हुकूम होता!"

"मी कुठे नाही म्हणते? पण तो तुम्हां दोघांच्या अंगात भिनलाय, सुटा निघत नाही. तेव्हा आपणच आत उभे राहा, महाराज. पाटी तयार आहे: हात लावू नये!"

महाराज असे हसले, असे हसले, की पगडी घसरून कानावर आली. "सर्जेराव, आत तुम्हीच जा! तुमची नखं जास्त काळी आहेत!"

मागची खोली कायमची धोंडजीच्या नावावर झाली आणि अजबखान्याच्या किल्ल्यांचा जुडगा महाराजांनी स्वतःच्या हातानं ठकीला दिला. सर्जेराव मात्र निरोप घेईपर्यंत हात पाठीमागे लपवून उभे होते!