फोडलेला स्लॅब

सांगलीचे बिल्डर जयसिंगराव शितोळे यांना बारा मजली इमारतीसाठी कंत्राटदार हवा होता. शेवटच्या मुलाखतीला तिघं उरले. दोन नामांकित कंत्राटदार आणि गवंड्याची लेक इंदुमती गुंजाळ.

जयसिंगरावांनी गुर्मीत विचारलं, "आजवर तुमचं काम कधी चुकलंय?"

"छे, कधीच नाही!" दोघं एका सुरात म्हणाले.

इंदुमती म्हणाली, "माझं चुकलंय. मिरजेत एक स्लॅब कच्चा निघाला. मी तो फोडून पुन्हा टाकला."

दोघं फिदीफिदी हसले. जयसिंगरावही हसले. "स्वतःच्या तोंडानं चूक सांगणाऱ्या बाईला मी बारा मजले कसे देऊ?"

इंदुमतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कागद गोळा करून ती उठली.

"साहेब, चुका सगळ्यांच्याच होतात. माझी मी फोडून टाकली. यांच्या अजून उभ्या आहेत, आणि त्यात माणसं राहतायत."

जयसिंगरावांनी दोघांकडे पाहिलं. "तुम्ही कधी फोडलाय स्लॅब?"

दोघांच्या माना खाली गेल्या.

"बसा बाई," जयसिंगराव नरमले. "काम तुमचं."

इंदुमती उभीच राहिली. "बसते. पण कच्चं काम फोडताना तुम्ही आडवं यायचं नाही. कबूल?"

जयसिंगरावांना मान हलवावीच लागली. मगच ती बसली.